चौथी सीट

"मिक्सरच लिहा, काझीसाहेब," पप्पा म्हणाले.

"चौथा?" मी काउंटरमागून विचारलं.

"चौथा असला तरी फुकटचा आहे."

काझीसाहेब रंगाच्या कंपनीचे विक्री प्रतिनिधी. दर मार्चअखेरीला ते चोपड्याच्या आमच्या दुकानात यायचे, पंख्याखालची खुर्ची पकडायचे आणि मोबाईलवर बक्षिसांची चित्रं दाखवायचे. वर्षभर जेवढा रंग आम्ही कंपनीकडून उचलायचो, तेवढे पॉइंट पप्पांच्या खात्यावर जमा व्हायचे. त्या पॉइंटांतून आमच्या घरात तीन मिक्सर, दोन कुकर आणि पाच ट्रॉली बॅगा आल्या होत्या. बॅगांना चाकं होती, पण त्या कुठेही गेल्या नव्हत्या. आई त्यांत उन्हाळ्याचे पापड आणि कुरडया ठेवायची.

"दर वर्षी तुम्ही शेवटच्या दिवशी काहीतरी उचलता," मी पप्पांना म्हणाले. "हवंय म्हणून नाही, पॉइंट वाया जातील म्हणून."

"मग वाया घालवू?"

"काझीकाका, पॉइंट खरंच एकतीस मार्चला संपतात?"

काझीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पॉइंट? नाही बेटा. मार्चला टार्गेट संपतं. पॉइंट तीन वर्षं चालतात. मला वाटलं, बोरोलेशेठना मिक्सरची आवड आहे."

पप्पांचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तोंड अर्धवट उघडं, हातात अर्ध्या लिटरचा डबा, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक त्यांना दिसेनासं झालेलं.

"म्हणजे इतकी वर्षं..." ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही, शेठ."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी आले होते, तासिका तत्त्वावर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते आणि पीएच.डी.साठी अर्ज करत होते. प्रयोग करण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, हे माझ्या अंगात मुरलेलं. ते मी त्या दिवशी दुकानात लागू केलं.

"पप्पा, आधी कुठं जायचं ते ठरवू. सगळ्यांना विचारू. मग त्याला किती पॉइंट लागतात ते काढू आणि तेवढे होईपर्यंत एकाही मिक्सरला हात लावायचा नाही."

"जायचं म्हणजे?"

"फिरायला. कंपनी सहलीच्या सीटा पण देते. शेवटच्या पानावर आहेत. तुम्ही कधी तिथपर्यंत गेलाच नाहीत."

पप्पांनी काझीसाहेबांकडे पाहिलं. काझीसाहेबांनी मान हलवली. "मुलगी बरोबर बोलते, शेठ. पण तुम्ही चोपड्याच्या बाहेर निघणार का?"

"का नाही निघणार?" पप्पा म्हणाले आणि भांडल्यासारखा डबा आपटला.

*

आमचं दुकान खाली आणि घर वर. दुकानाच्या काउंटरखाली एक बटण होतं, त्याची बेल वर स्वयंपाकघरात वाजायची. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की पाणी, तीनदा वाजली की जेवायला पाहुणे. माझ्या जन्माआधीपासून ही पद्धत. पेंटर येत, ठेकेदार येत, पप्पांचे मित्र रविवारीही येत, आणि बेल वाजे. घरात कायमची माणसं चारच: पप्पा, आई, मी आणि आत्या. आत्या पप्पांची थोरली बहीण, बालवाडीतून निवृत्त झालेली. तिला सगळे अक्का म्हणत, मी तेवढी आत्या म्हणायचे.

त्या रात्री जेवताना मी एकेकाला विचारलं.

"मला समुद्र," आत्या लगेच म्हणाली. "टीव्हीत पाहून पाहून डोळे खारट झाले माझे. एकदा पाय बुडवू दे, मग खुशाल न्या मला वर."

"वर म्हणजे?" पप्पा म्हणाले. "मला विमान पाहिजे, अक्का. वर तर मी पण जाणार. खिडकीची सीट. वरून आपलं दुकान दिसतं का बघायचंय."

"दुकानाचा नाद सुटणार नाही तुझा. ऋजू, तुला गं?"

"मला चमकणारं पाणी बघायचंय. काही समुद्रांत रात्री पाणी हललं की निळा उजेड पडतो. त्यात बारीक जीव असतात, ते देतात."

"काहीतरी बाधा असेल त्या पाण्याला."

"बाधा नाही गं. रसायन आहे."

समुद्र, विमान, चमकणारं पाणी. तिन्ही गोष्टी अंदमानला जुळत होत्या. मला तर गणित सुटल्यासारखा आनंद झाला.

"आई, तुझं?"

आई तव्यावर कळण्याची भाकरी टाकत होती. "माझं काय?"

"तुला कुठं जायचंय?"

"एवढी होऊ दे, गरम खा." तिनं भाकरी उलटली. "तुमचं ठरलं ना? छान आहे."

मी चार सीटा धरल्या. चार सीटांसाठी खूप पॉइंट लागत होते, पण वर्षभरात होण्यासारखे होते. जुन्या शेड कार्डांवरच्या निळ्या पट्ट्या मी कापल्या, फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत, आणि ठरवलं की पॉइंटांचा एकेक टप्पा झाला की भिंतीवर एकेक पट्टी चिकटवायची. शेवटची, सगळ्यांत गडद पट्टी लागली की समुद्र आला.

पहिली पट्टी चिकटवताना मी शीळ घालत होते. हॉस्टेलवर शिकले होते, पण नीट यायची नाही, निम्मी हवाच सुटायची.

"ए बाई!" आत्या ओरडली. "बायकांच्या जातीनं घरात शीळ घालू नये. साप येतो."

"सापाला कान नसतात, आत्या. आणि शीळ म्हणजे काय, तोंडाची पोकळी. तिचा आकार बदलला की सूर बदलतो. त्यात बाईमाणूस, बाप्यामाणूस काही नाही."

"एम.एस्सी.त हे शिकवतात?"

आई ताटं उचलत होती. माझ्या बाजूनं जाताना ती हळूच म्हणाली, "ओठ फार ताणतेस. हवा सुटते मग."

आणि ती मोरीकडे गेली. बेल वाजली होती. दोनदा.

*

पट्ट्या चढत गेल्या. पप्पा इतके पेटले की जो ठेकेदार पूर्वी दुसऱ्या कंपनीचा रंग मागायचा, त्याला ते भिंत दाखवायचे. "तीन पट्ट्या राहिल्यात, भाऊ. माझ्या बहिणीला समुद्र दाखवायचाय." लोक हसायचे आणि आमचा रंग न्यायचे. दिवाळीत तर पेंटरच वर येऊन विचारायचे, "शेठ, कितवा निळा चालू आहे?"

आईही कधी कधी उभी राहून भिंतीकडे बघायची. एकदा तिनं विचारलं, "हे सगळं भरलं की तुम्ही किती दिवस जाणार?"

"आपण," मी सुधारलं. "सात रात्री, आठ दिवस."

"आठ दिवस," ती म्हणाली. एखादा शब्द चाखून बघावा तशी.

जानेवारीत शेवटची पट्टी लागली. काझीसाहेब पेढे घेऊन वर आले. आधार कार्डांवरची नावं तपासून घ्यायची होती. पप्पांनी आपलं नाव सांगितलं, प्रल्हाद बोरोले. आत्याचं सांगितलं. माझं सांगितलं.

"आणि मंदाकिनी प्रल्हाद..."

"तीनच लिहा," आई म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

"काय?" पप्पा म्हणाले.

"तीनच सीटा लिहा. मी येत नाही."

"तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मग? विमानाला भितेस?"

"नाही."

काझीसाहेब मोबाईल खिशात घालून उठायला लागले. आईनंच त्यांना बसवलं. "बसा हो. परके का आहात तुम्ही?" मग ती माझ्याकडे वळली. "ऋजू, तू विचारलं होतंस ना मला कुठं जायचंय? मला कुठं जायचं नाही. तुम्ही तिघं जा. मला आठ दिवस या घरात एकटीला राहायचंय."

खाली रस्त्यावर केळीचा ट्रक गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत आम्ही थांबलो.

"एकटी?" पप्पा म्हणाले. "करणार काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही. तेच करायचंय."

"आमचा त्रास होतो का तुला?" आत्याचा आवाज कापला. बालवाडीतल्या पोरांना धाक लावणारा तो आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

"तसं नाही, अक्का. तुमचा कुणाचाच नाही. पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून या घरात मी एक दिवस एकटी नव्हते. माहेरी आम्ही नऊ जण होतो. मला माहीतच नाही कसं असतं ते."

दहा महिने मी भिंत भरत होते. सगळ्यांना कुठं जायचं ते आधी ठरवा म्हणून पप्पांशी भांडले होते. आणि ज्या माणसाचं ठरलेलं होतं, त्याला मी एकदा विचारून पुढे गेले होते. माझ्या प्रश्नातच चूक होती. 'कुठं' म्हटलं की उत्तर घराच्या बाहेरचंच येणार.

पप्पांचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील? बायकोला घरात ठेवून बहिणीला विमानात बसवलं? सगळ्या गावाला मी पट्ट्या दाखवल्यात!"

"लोकांना मी सांगते."

"काय सांगणार? नवऱ्याचा कंटाळा आला? आणि एकटी बाई, रात्रीची, खाली सगळं रंग नि थिनर. काही झालं म्हणजे? ते काही नाही. यायचं नसेल तर शैलाताईंकडे राहा रावेरला. आठ दिवस बहिणीकडे. हे घर बंद राहील."

आईनं तांब्या ओट्यावर ठेवला. "बरं," ती म्हणाली.

एवढंच. मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं साठवलेली गोष्ट बोलून तिनं ती एका शब्दात परत गुंडाळली. मी स्वयंपाकघरात तिच्या मागे गेले. "आई, तू एवढ्यात का हो म्हटलंस? मी बोलते पप्पांशी."

"नको. तुला चमकणारं पाणी बघायचंय ना? ते बघ." तिनं चहाचं आधण ठेवलं. "सांग काझीसाहेबांना, साखर कमी घालते त्यांच्या चहात."

चौथ्या सीटचे पॉइंट उरले. त्यांतून पप्पांनी शेवटी मिक्सर घेतला.

*

मार्चच्या सुरुवातीला आम्ही निघालो. आईनं एका ट्रॉली बॅगेतले पापड डब्यांत भरले आणि तीत आपले कपडे घातले. चौघंही एकदमच घराबाहेर पडलो. आईनंच फाटकाला कुलूप घातलं. गल्लीतले सगळे ओट्यांवर आले. कुणी नारळ दिला, कुणी आत्याला म्हणालं, "समुद्राला आमचा नमस्कार सांगा." पप्पांनी कुणालाही सांगितलं नाही की आमच्यातलं एक माणूस रावेरला जाणार आहे. आईनंही हसून सगळ्यांना हात केला. बॅगेची चाकं पहिल्यांदाच आमच्या गल्लीच्या फरशीवरून खडखडत गेली.

बस स्टँडवर आधी आमची जळगावची गाडी लागली. आई रावेरकडे जाणाऱ्या यावलच्या फलाटापाशी उभी राहिली. "संध्याकाळी मीच फोन करत जाईन," ती म्हणाली. "दिवसा मोबाईल बंद ठेवणार. ताईकडे रेंज नसते, बॅटरी उगाच संपते."

विमानात पप्पांना खिडकीची सीट मिळाली आणि ते सबंध वेळ डोळे मिटून बसले. आत्यानं समुद्रात पाय बुडवले, आणि वर जायचं विसरून रोज बुडवत राहिली. मलाही एका रात्री किनाऱ्यावर तो उजेड दिसला. हात फिरवला की बोटांमागे निळी रेघ उमटायची आणि विझायची. मी खूप वेळ पाण्यात हात फिरवत बसले.

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. "ताईकडे सगळं बरं. आज भरीत केलं होतं. अक्कांचे पाय सुजले नाहीत ना?" आवाज प्रसन्न होता. पप्पा फोन ठेवून म्हणायचे, "बघ, बहिणीकडे खूश आहे. उगाच हट्ट करत होती."

पाचव्या दिवशी मला विद्यापीठाचा मेल आला. पीएच.डी.ची मुलाखत जळगावला, दोनच दिवसांनी, मूळ प्रमाणपत्रांसह. माझी प्रमाणपत्रं घरी कपाटात होती. काझीसाहेबांनी तिकडून फोनाफोनी करून माझं परतीचं तिकीट अलीकडे आणलं आणि मी एकटी निघाले. निघताना पप्पांना बजावलं, आईला मीच सांगेन, तुम्ही बोललात तर ती काळजी करत बसेल, आणि तिचा फोन लावला. बंद होता. मुंबईत उतरून लावला. बंद. घराची किल्ली तिच्याकडे होती, म्हणून जळगावला उतरताच मी रावेरला शैला मावशीला फोन केला.

"मावशी, आईला दे ना जरा."

"आईला?" मावशी म्हणाली. "कुठल्या आईला गं?"

"माझ्या. आहे ना तिथं?"

"इथं कुठून? तुम्ही सगळे अंदमानला ना? काल संध्याकाळीच तिचा फोन होता मला. म्हणाली, समुद्राचा वारा फार आहे. ऋजू? काय झालं?"

मी स्टेशनच्या पुलावर उभी होते. माणसं धक्के देत जात होती.

"काही नाही, मावशी. चुकून तुला लागला. नंतर करते."

मी खोटं का बोलले तेव्हा कळलं नाही. आई आम्हाला सांगत होती मी रावेरला आहे. मावशीला सांगत होती मी अंदमानला आहे. मग ती कुठे होती? पाच दिवस?

चोपड्याच्या बसमध्ये मी एकेक शक्यता मांडली आणि खोडायचा प्रयत्न केला. कुणीतरी तिला नेलं असेल, तर ती रोज फोन करून भरताचं बोलणार नाही. ती आजारी असेल आणि कुणाला न सांगता एखाद्या मोठ्या दवाखान्यात गेली असेल. हे मला खोडता येईना. तिला आणखी कोणी असेल, ज्याच्याकडे ती गेली असेल. या विचाराची मला लाज वाटली, पण तोही खोडता आला नाही. मला कळलं की ज्या बाईच्या हातचं मी पंचवीस वर्षं खाल्लं, तिच्याबद्दल माझ्याकडे काहीच माहिती नाही. तिला काय आवडतं, ती कुणाशी बोलते, एकटी असताना ती कशी असते. एकटी ती कधी नव्हतीच.

*

भर दुपारी मी गल्लीत शिरले. खानदेशातलं मार्चचं ऊन, त्यामुळे ओट्यांवर चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं शटर खाली होतं. जिन्याच्या फाटकाला कुलूप होतं, जातानाच घातलेलं, मोठं पितळी. त्यावर धूळ बसली होती. मी ते हातात घेऊन ओढून पाहिलं. मग पप्पांना फोन लावायला मोबाईल काढला. पप्पा काय म्हणतील, आत्या कशी रडेल, पोलिसांत कोण जाईल, सगळं एकदम डोक्यात आलं. बोट नावावर होतं.

तेवढ्यात मला आठवलं, दुकानाच्या मागे गोडाऊनचं दार आहे. मागच्या बोळातून; तिथूनही जिना वर घरात जातो. ते आतून कडी लावून बंद असतं, पण फटीतून आत दिसतं. निदान आत काही घडलंय का ते तरी बघावं, म्हणून मी वळसा घालून बोळात गेले.

बोळात रिकामे डबे आणि थिनरचा वास. मी दाराच्या फटीला डोळा लावला. आत अंधार. रंगाच्या बादल्यांच्या रांगा. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक ट्रॉली बॅग.



मग मला शीळ ऐकू आली.

वरून येत होती, आमच्या मागच्या गॅलरीतून. भुलाबाईच्या गाण्याची चाल होती, भादव्यात मुली टिपऱ्या वाजवत म्हणतात ती. पण अशी शीळ मी कधीच ऐकली नव्हती. स्वच्छ, भरलेली, हवेचा जरासुद्धा आवाज नाही. सूर वर जायचा, तिथं थांबायचा, हलकासा कापायचा आणि पायरी पायरीनं खाली यायचा. अशी शीळ एका दिवसात येत नाही. तिला वर्षं लागतात. कुठल्या वर्षी, कुठल्या तासाला, कुणाच्या चोरून?

मी दोन पावलं मागे सरकून मान वर केली. गॅलरीत पप्पांची खुर्ची होती. खुर्चीतलं माणूस दिसत नव्हतं. कठड्यावर ठेवलेले फक्त दोन पाय दिसत होते, एकावर एक, चालीबरोबर हलणारे. टाचांना भेगा होत्या. आईचे तळवे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

ती घरात होती. बस स्टँडवरून आमची गाडी गेल्यावर परत फिरून, पुढचं कुलूप तसंच ठेवून, निघण्याआधीच कडी काढून ठेवलेल्या मागच्या दारानं आत गेली होती. सगळं गाव समजत होतं ती अंदमानला आहे. आम्ही समजत होतो ती रावेरला आहे. मावशीच्या लेखीही ती समुद्रावर होती. त्यामुळे दाराशी येणारं कोणीच उरलं नव्हतं.

माझा हात दारावर ठोकायला वर गेला होता. प्रमाणपत्रं वर कपाटात होती आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी. मी हाक मारली असती तर ती धावत खाली आली असती. पहिल्यांदा घाबरली असती, मग म्हणाली असती, "जेवलीस का?" आणि तिनं तवा ठेवला असता. तिचे अजून दोन दिवस उरले होते.

चाल संपली. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. पाय आत गेले. कपात चहा ओतल्याचा आवाज आला, एकाच कपात. मग ते पाय परत कठड्यावर आले आणि चाल पहिल्यापासून सुरू झाली.

मी हात खाली घेतला आणि चपलांचा आवाज न करता बोळातून निघाले.

बस स्टँडवर येऊन मी मावशीला पुन्हा फोन केला.

"मावशी, ऐक. पप्पांनी कधी विचारलं तर आई आठ दिवस तुझ्याकडे होती."

मग मावशी म्हणाली, "बरी आहे का ती?"

"खूप बरी आहे."

"एकटी आहे?"

"हो."

"लहानपणी सारखी म्हणायची, मला एक खोली द्या, दार असलेली." मावशी हसली. मग नाक ओढल्यासारखा आवाज आला. "माझ्याकडे काय काय खाल्लं तिनं ते तरी सांगून ठेव. आणि तिला सांग, परवापासून माझी काठी सुटली. डावा गुडघा दुखतो थोडा, पण चालते."

जळगावला मी मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मुलाखतीला प्रमाणपत्रांशिवाय गेले. ऑफिसातल्या बाईंनी माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि विचारलं, "घर एवढं जवळ असून आणली नाहीत?"

"घराला कुलूप होतं," मी म्हणाले.

*

पप्पा आणि आत्या परत आले तेव्हा मी जळगाव स्टेशनवर त्यांना भेटले आणि आम्ही एकत्र चोपड्याला आलो. बस स्टँडवर आई आधीच उभी होती, यावलच्या फलाटाजवळ, ट्रॉली बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून. केस विंचरलेले, चेहरा झोप झालेल्या माणसासारखा. आत्यानं तिला मिठी मारली आणि शंखशिंपल्यांची पिशवी हातात कोंबली.

"तुझ्यावाचून मजा नाही आली," आत्या म्हणाली. ते अर्धं खोटं होतं, पण चांगल्या मनानं बोललेलं.

"रावेर काय म्हणतंय?" पप्पांनी विचारलं.

"बरं आहे सगळं."

"शैलाताईंचा गुडघा? काठी सुटली का?"

आई थांबली. फार नाही, एक श्वास घेण्याइतकीच. एवढं तिनं विचारून ठेवलेलं नव्हतं.

"सुटली काठी," मी म्हणाले. "चार दिवस झाले. डावा गुडघा दुखतो अजून थोडा, पण चालते. हो ना, आई?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. आत्या रिक्षावाल्याशी भाव करत होती, पप्पा बॅगा मोजत होते, आणि आई माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावरचा रंग उतरला, परत आला.

"हो," ती म्हणाली. "डावाच."

रिक्षात आम्ही शेजारी बसलो. तिचा हात सबंध रस्ता माझ्या गुडघ्यावर होता, घट्ट, जणू रिक्षा उलटणार आहे.

गल्लीत ओटे भरले. विमान कसं होतं, समुद्र कसा होता, सगळे आईलाही विचारत होते. "फार मोठा," ती म्हणाली. "आणि शांत." पप्पांनी घसा खाकरला आणि सरळ शटर उचलून दुकानात गेले. आम्ही तिघी फाटकाशी आलो. आईनं कमरेची किल्ली काढली आणि धुळीनं भरलेलं पितळी कुलूप हातात घेतलं.

मी तिच्या मागे उभी होते. मी ओठ सैल सोडले आणि भुलाबाईच्या चालीची पहिली ओळ शीळेत धरली.

आईचा किल्लीचा हात थांबला.

"झालं सुरू!" आत्या मागून म्हणाली. "घरात पाऊल नाही टाकलं तोवर..."

"घालू द्या, अक्का," आई म्हणाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

वर स्वयंपाकघरात बेल वाजली. एकदा. पप्पांना चहा हवा होता.

"तिसरा सूर खाली पडतोय," आई मला एकटीला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, आणि तिनं कुलूप उघडलं.